चूल शेवटी हलवायची

वैशाली म्हात्रे मॅडमच्या टेबलाच्या खणात एकही फोन धड नव्हता. एकाची काच तडकून तडकून पांढरी झालेली, एकाला पाठच नाही, बॅटरी रबरबँडने धरून ठेवलेली, एकाच्या मागे कुठल्याशा लग्नाच्या हॉलचं स्टिकर. ऐरोलीतल्या आमच्या त्या काचेच्या इमारतीत बाकीच्यांच्या टेबलांवर बाजारात काल आलेले फोन चकाकत असायचे आणि मॅडमचा खण उघडला की भंगारवाल्याची हातगाडी आत आल्यासारखं वाटायचं. शिवाय त्या प्रत्येक फोनला नाव होतं. काकाचा फोन, भारतीवहिनीचा फोन, जिमवाल्या सचिनचा फोन. मॅडम मूळच्या शिरवण्याच्या. गावात कुणी नवीन फोन घेतला की जुना टाकून द्यायची सोयच नव्हती. "टाकू नको, मना दे," म्हणून मॅडम तो घेऊन यायच्या. लोकांच्या घरी जुनी भांडी मोडीत जातात, शिरवण्यात जुने फोन म्हात्रे मॅडमकडे जायचे.

हे सगळं कशासाठी, तर आम्ही मोबाइलवरचे गेम बनवायचो. म्हणजे एकच गेम. खाडीतल्या होड्यांच्या शर्यतीचा. मी त्यातल्या होड्या, खारफुटी आणि बगळे रंगवायचो, आणि मॅडम ते सगळं फोनच्या पडद्यावर उमटवायच्या. मी रंगवलेलं पडद्यावर आलं नाही तर मी नुसताच पेंटर, असं त्या मला अधूनमधून ऐकवत. ते खरंच होतं, त्यामुळे राग यायचा.

मॅडम ठेंगण्या बांध्याच्या, पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज, केसांत बऱ्याचदा अबोलीचा गजरा. ऑफिसात शिरल्या की आधी खण उघडून सगळ्या फोनना चार्जिंगला लावायच्या, मग स्वतः चहा घ्यायच्या. गेम चालू असताना फोनच्या पाठीला हाताची मागची बाजू लावून बघायची त्यांची सवय होती. आई पोराच्या कपाळाला लावते तशी. ताप मोजायला आमच्याकडे चांगली यंत्रं होती, पण मॅडमचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. "यंत्राला चटका बसत नाय," म्हणायच्या.

बिघाडाची तक्रारसुद्धा त्या याच भाषेत नोंदवायच्या. ‘काकाच्या फोनवर आभाळ गुलाबी पडतं.’ ‘वहिनीचा फोन दुसऱ्या वळणाला दम टाकतो.’ आमच्या निशांत सरांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, मीटिंगमध्ये बाहेरच्या लोकांसमोर हे वाचून दाखवायची पाळी आली की ते घामाघूम व्हायचे. "मॅडम, प्लीज, मॉडेल नंबर लिहा ना." मॅडम पुढच्या तक्रारीत मॉडेल नंबर लिहायच्या आणि त्याच्यापुढे कंसात ‘काका’.

आता या माणसाचं मोठेपण सांगायचं तर थोडं तांत्रिक सांगायला हवं. घाबरू नका, मलाही तेवढंच कळतं. फोनच्या आत चित्रं काढणारी एक चिप असते. गेमला तिच्याशी बोलावं लागतं आणि त्या बोलण्याची एक ठरलेली पद्धत असते. जुनी पद्धत म्हणजे घरातली जुनी स्वयंपाकीणबाई. ‘आमटीभात कर’ म्हटलं की पुढचं ती बघते, पण तिच्या वेळाने आणि तिच्या चवीने. नवी पद्धत आली ती म्हणजे स्वयंपाकघराची किल्लीच तुमच्या हातात. तांदूळ किती, भांडं कुठलं, गॅस कधी बंद करायचा, सगळं तुम्हीच सांगायचं. येत असेल तर ताट झटपट समोर. येत नसेल तर पहिल्याच दिवशी पातेलं करपतं.

आमचा गेम जगभर पोचवणार होती ती एक मोठी कंपनी. तिने निरोप धाडला की दिवाळीपर्यंत गेम नव्या पद्धतीवर आला पाहिजे, कारण जुनीची डागडुजी आता कुणी करणार नाही. शिवाय तो साध्यासुध्या फोनवरही न तापता चालला पाहिजे. नाही जमलं तर करार रद्द. आमच्याकडे दुसरा गेम नव्हता. हा गेला की आमचा अख्खा मजला रिकामा होणार, हे खाली टपरीवाल्यालाही माहीत होतं.

निशांत सरांचा स्वभाव उडी मारण्याचा. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि फळ्यावर मोठी फुली मारली. "जुनं सगळं उडवू या. फ्रेश लिहू. टेन्शनच नको."

नवीन मुलामुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यात सगळ्यात जोरात अपूर्वा. कॉलेजातून नव्या पद्धतीचं सगळं शिकून आलेली, हुशार मुलगी. मॅडम मात्र खुर्चीत हलल्याही नाहीत.

"सर, आमच्या काकांनी असंच केलं होतं," त्या म्हणाल्या.

"कोण काका? फोनवाले?"

"तेच. गावातलं घर जुनं झालं म्हनून आधी पाडून टाकलं. म्हनाले, नवीन बांधताना जुनं मधेमधे येतं. मग गवंडी पळाला, रेती मिळंना. काकी दोन वर्षं आमच्या पडवीत सैपाक करत होती. माझ्या बाबांनी काय केलं? जुनं तसंच ठेवलं आनि मागच्या अंगाला नवीन काढलं. एक खोली झाली की तिच्यात झोपायला जायचं. पुढची झाली की कपाट न्यायचं. चूल शेवटी हलवायची. आमचं जेवन एक दिवस चुकलं नाय."

निशांत सर म्हणाले, "मॅडम, हे सॉफ्टवेअर आहे, गावठाण नाही."

"मानसं तीच हाय ना सर."

त्या दिवशी काही ठरलं नाही. पण कोडची मुळं मॅडमच्या हातात असल्यामुळे झालं ते त्यांच्याच मनासारखं. आधी त्यांनी आमच्या गेममधलं आभाळ नव्या पद्धतीवर नेलं. बाकी सगळं जुन्यातच. मी विचारलं, आभाळच का? तर म्हणाल्या, "शर्यतीत आभाळाकडे कोन बघतो? बिघडलं तरी बोंब होत नाय." मग बगळे. मग खारफुटी. मग होड्या. पाणी शेवटी. आमच्या गेममध्ये सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महाग गोष्ट पाणीच होती. तीच आमची चूल.

या काळात माझं एक नवीनच काम निघालं. मॅडम मला फोनसमोर बसवायच्या, शर्यत चालू करायच्या आणि त्यांच्या लॅपटॉपवरून मधेच जुन्यातून नव्यात, नव्यातून जुन्यात नेऊन आणायच्या.

"जाधव, आता कुठल्या घरात हाय सांग."

मी डोळे फाडून बघायचो. "नव्या. पाण्याची चमक जरा जास्त आहे."

"म्हंजे चुकलंच," असं म्हणून फोन हिसकावून घ्यायच्या. मी बरोबर ओळखलं की मॅडमचा चेहरा पडायचा आणि मी चुकलो की त्या खूश. नोकरीत माझ्या चुकांचं इतकं कौतुक ना आधी झालं ना नंतर.

अपूर्वाला हा गोगलगायीचा कारभार सहन होईना. तिने एकटीने, मॅडमना न सांगता, आख्खं पाणी नव्या पद्धतीवर लिहून काढलं. आणि काय पाणी होतं ते! लाटांवर ऊन तुकड्यातुकड्यांनी पडत होतं, होडीच्या मागे फेस उठत होता. सगळा मजला तिच्या टेबलाभोवती गोळा झाला. निशांत सर तर तिथल्या तिथे पेढे मागवायला निघाले.

मॅडमनी शांतपणे ते पाणी खणातल्या दोन फोनवर टाकलं आणि अपूर्वाला म्हणाल्या, "चल गं, जरा खाली जाऊन येऊ." मी पण मागोमाग गेलो. वर तेवढी करमणूक नव्हती.

खाली पार्किंगच्या कंपाउंड वॉलवर भर दुपारी मॅडमनी दोन्ही फोन ठेवले आणि शर्यत चालू केली. आमचा ऑफिसातला एसी असा की लोक मे महिन्यात जॅकेट घालून बसत. तिथे सगळे फोन कसे हसतमुख असायचे. इथे भिंतीवर पहिलं वळण झालं, दुसरं झालं, आणि मग ते सुंदर पाणी अडखळायला लागलं. चिप तापली की आपोआप हळू होते, जीव वाचवते बिचारी. होडी जागच्या जागी गचके खायला लागली. मॅडमनी अपूर्वाचा हात धरून फोनच्या पाठीला लावला. तिने चटकन मागे घेतला.

"पोरी, पानी झ्याक केलंस. पन आपला गेम एसीत बसून कोन खेळनार? रिक्षा स्टँडवर खेळनार."

अपूर्वाचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, आता ही राजीनामा देणार. पण मॅडमनी तिला सोडलं नाही. त्या दिवसापासून दोघी रोज दुपारी त्या भिंतीपाशी. फेस जरा कमी कर, लांबच्या लाटा साध्या ठेव, जवळच्या मात्र तुझ्या तशाच राहू दे. पाणी अपूर्वाचंच राहिलं, फक्त उन्हात टिकायला शिकलं. वॉचमन त्या दोघींसाठी सावलीला स्टूल ठेवायला लागला, पण मॅडम स्टुलावर स्वतःची पर्स ठेवायच्या आणि उभ्याच राहायच्या.

मग काकाच्या फोनचं प्रकरण आलं. नवी पद्धत येते का, असं गेमने फोनला विचारलं की फोनने हो किंवा नाही सांगायचं असतं. बहुतेक फोन खरं बोलतात. काकाचा फोन प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा. हे येतं? येतं. ते येतं? तेही येतं. आणि प्रत्यक्षात आभाळ गुलाबी, होड्या गायब, बगळे पाण्याखाली. अपूर्वा वैतागून म्हणाली, "मॅडम, हा चक्क खोटं बोलतोय!"

"खोटं नाय गं. भीड पडते त्याला. काका पन असाच. विचारा, जमेल? जमेल! आनि मग आमच्या पडवीत."

त्यावर मॅडमनी जी युक्ती काढली तिच्यावर आमचा सगळा डोलारा उभा राहिला. "हो म्हनन्यावर जायचं नाय. करून दाखव म्हनायचं." गेम सुरू होताना पडद्यावर नाव दिसत असतं, तेवढ्या वेळात पडद्यामागे गुपचूप एक इटुकली होडी नव्या पद्धतीने काढायची. रंग बरोबर आले तर फोन नव्या घरात. चुकले तर काही न बोलता जुन्या घरात, खेळणाऱ्याला पत्ताही नाही. ती होडी मी रंगवली. माझ्या हातून झालेलं सगळ्यात लहान आणि कुणीच कधी न पाहिलेलं काम ते.

दिवाळी जवळ आली. मोठ्या कंपनीच्या नायरबाई बेंगळुरूहून तपासणीला येणार होत्या. तोवर चूलसुद्धा हलली होती, पाणी नव्या घरात नांदत होतं. खणातले सगळे फोन आता तिथे सुखाने खेळत होते. नेटाने मॅडमनी काकाच्या फोनलाही वळण लावलं होतं. राहिला होता फक्त एक. शिरवण्याच्या आत्याचा.

हा फोन खणात नव्हता, कारण आत्या तो वापरत होती. मॅडमच्या वडिलांची ही बहीण मॅडमच्याच घराला लागून राहायची आणि आमच्या गेमची पट्टीची खेळाडू होती. दर रविवारी मॅडम तिच्या फोनवर गेमची नवी आवृत्ती टाकायच्या आणि ती ओट्यावर बसून शर्यत जिंकायची. समोरच्या होडीवाल्याला ती ज्या शिव्या घालायची त्या इथे छापता येणार नाहीत. तिच्या फोनला नवी पद्धत येणंच शक्य नव्हतं, इतका तो जुना. आणि ती तो बदलणार नव्हती. "यो मरंल तवा बगू," म्हणायची.

निशांत सर मॅडमच्या टेबलाशी आले. मी शेजारीच होतो.

"मॅडम, आता तरी जुनं काढून टाका. नायरबाईंना अर्धवट काम दिसलं तर वाट लागेल आपली. एका आत्यासाठी एवढं?"

मॅडमनी हातातला फोन खाली ठेवला. "सर, आत्या एक नाय. मना एकच भेटली, इतकंच."

सर दोन पावलं दाराकडे गेले. मग म्हणाले, "उद्या काही झालं तर जबाबदारी तुमची."

"माझीच हाय," मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या आवाजात कंप जाणवला. मलाही भीती वाटली. उलव्याच्या माझ्या फ्लॅटचा ताबा नुकताच मिळाला होता आणि बायकोने पडदे शिवायला टाकले होते.

नायरबाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, बोलणं मोजकं. निशांत सरांनी नव्या कोऱ्या फोनवर गेम दाखवला. आभाळ, होड्या, अपूर्वाचं पाणी. सगळं देखणं. बाई बघत राहिल्या आणि मग हिंदीत म्हणाल्या, "छान आहे. पण हा फोन मला प्रत्येक कंपनी दाखवते." आणि त्यांनी आम्हाला सगळ्यांना गार करून टाकलं. त्यांनी खाली थांबलेल्या आपल्या टॅक्सीच्या ड्रायव्हरला वर बोलावलं.

ड्रायव्हर घाबरतच आला. त्याला वाटलं, गाडी कुठे घासली. बाईंनी त्याचा फोन मागितला. तो फोन आमच्यातल्या कुणीच कधी पाहिलेला नव्हता. कंपनीचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. निशांत सरांनी माझ्याकडे बघितलं, मी अपूर्वाकडे, अपूर्वाने मॅडमकडे. मॅडम फोनकडे बघत होत्या.

गेम उतरत होता त्या वेळात एसी असून माझ्या शर्टाची पाठ ओली झाली. नाव झळकलं. पडद्यामागे माझी ती इटुकली होडी आता परीक्षा देत असणार. मग शर्यत सुरू झाली. आभाळ निळं. बगळे वर. होड्या जागेवर. पाणी लखलखीत.

"आयला!" ड्रायव्हर ओरडला. "ही तर आपली खाडी हाय!"

आणि त्याने बाईंच्या हातून आपला फोन काढूनच घेतला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. तो खुर्चीच्या टोकावर येऊन खांद्याने होडी वळवायला लागला. बाई शेजारी उभ्या. मॅडम हळूच पुढे झाल्या आणि त्याच्या हातातल्या फोनला त्यांनी हाताची मागची बाजू लावली. मग माझ्याकडे बघून मान हलवली. ताप नव्हता.

बाईंनी विचारलं, "हा कुठल्या पद्धतीवर चाललाय?"

अपूर्वाने लॅपटॉपवर बघितलं. तिचा आवाज बारीक झाला. "जुन्या. नवी येते म्हणाला होता, पण परीक्षेत नापास झाला."

निशांत सरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पर्समधून आपला स्वतःचा फोन काढला, त्यावर गेम टाकला. तो नव्या घरात गेला. दोन्ही फोन त्यांनी शेजारी शेजारी धरले आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. मग मॅडमकडे वळून म्हणाल्या, "जुनी असती नुसती, तर नाही म्हणाले असते. नवी असती नुसती, तर याचा फोन आत्ता काळा पडला असता. आणि मला तर फरक सांगता येत नाही."

मॅडम म्हणाल्या, "मग झालं."

करार पक्का झाला! त्या खोलीत जो गलका उठला तो मी विसरणार नाही. अपूर्वा मॅडमच्या गळ्यात पडली, ड्रायव्हर काही न कळता टाळ्या वाजवत होता, आणि आमचे उडी मारणारे निशांत सर मॅडमपुढे दोन्ही हात जोडून म्हणाले, "मॅडम, आत्यांना माझा नमस्कार सांगा."

त्यानंतर गेम कुठे कुठे पोचला ते सांगत बसत नाही. पण एक गोष्ट मॅडमनी शिकवली ती लक्षात राहिली. गेमवाले नवं कधी घेतात? खेळणारे घेतात तेव्हा. आणि खेळणारे त्यांच्या त्यांच्या कारणाने घेतात. कुणाचं लग्न होतं, कुणाला बोनस मिळतो, कुणाचा फोन पाण्यात पडतो. हळूहळू लोक नव्या घरात येत गेले. जुन्या घरात शेवटी एकटी आत्याच उरली, तरी मॅडम ते झाडूनपुसून ठेवायच्या. "आत्या हलली की पाडू," एवढंच म्हणायच्या.

मध्येच हैदराबादहून मॅडमना बोलावणं आलं. काकाच्या फोनमधली चिप बनवणाऱ्या कंपनीचं. काकाच्या फोनबद्दल मॅडमनी त्या लोकांना इतक्या तक्रारी धाडल्या होत्या की शेवटी त्यांनी तक्रार करणारीलाच नोकरीला घेतलं. "जिथं काका तयार होतात तिथंच जाते," मॅडम हसून म्हणाल्या. "बसून एकेकाला नाय म्हनायला शिकवते." आम्हाला आनंदही झाला आणि पोरकंही वाटलं. खण त्यांनी अपूर्वाला दिला, फोनसकट.

निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला शिरवण्याला जेवायला बोलावलं. तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण झालं. ओट्यावर आलो तर आत्याच्या हातात नवा कोरा फोन! मी थक्क झालो.

"ती भारती मना हरवते रं जाधवा," आत्या चिडून म्हणाली. "तिचा नवा फोन पार शेवटापरत जागा ऱ्हातो. माजा मधीच झोपतो. म्हनून घेतला."

मॅडमनी नव्या फोनवर गेम टाकून दिला. आत्या मांडी घालून बसली. मॅडम तिच्या शेजारी, मांडीवर लॅपटॉप. शर्यत सुरू झाली आणि सवयीने त्यांनी मला विचारलं, "जाधव, कुठल्या घरात हाय सांग."

मला माहीत होतं. तरी मी वाकून नीट बघितलं. पाणी, बगळे, माझ्या होड्या. "नाही सांगता येत, मॅडम," मी म्हणालो, आणि खरंच सांगता येत नव्हतं. 

आत्याने होडी वळवता वळवता विचारलं, "वैशू, एवडा नवा फोन घेतला, मंग यात बदललं काय गो?"

मॅडमनी लॅपटॉपवरचं बटण दाबलं. जुनं घर पडलं.

"काय नाय, आत्या," त्या म्हणाल्या. "तू खेळ."